मसाज गनचं पेटंट नेमकं कशावर असतं? अमेरिकेतलं भांडण आणि जवळा बाजारचं वर्कशॉप

हळद काढणीचा हंगाम संपत आला की औंढा नागनाथ आणि वसमत तालुक्यात पाठी धरतात. खणायचं, कंद मोडायचे, कुकरमध्ये शिजवायचे, वाळवायचे, ड्रममध्ये पॉलिश करायचे. यातलं एकही काम कंबर न वाकवता होत नाही. पूर्वी यावर उपाय म्हणजे गरम तेल आणि घरातल्या कुणाचे तरी हात. आता त्याच जवळा बाजारात कुरिअरच्या खोक्यातून पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र येतं. बटण दाबलं की पुढचा गोळा भराभर ठोके मारतो. हीच ती मसाज गन. ऑनलाइन ती हजार-दोन हजारांपासून मिळते आणि नावाजलेल्या विदेशी कंपन्यांची घ्यायची तर किंमत काही हजारांच्या घरात जाते.

सोबतच रील्सही येतात. लाकूड कापायच्या जिगसॉचं पातं काढून तिथे रबरी चेंडू बसवायचा, की झाली घरगुती मसाज गन. हळदीचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम जोडून देणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात असलं यंत्र बनवणं काही अवघड नाही. मग प्रश्न पडतो. एवढ्या साध्या वस्तूवरून अमेरिकेतल्या दोन बड्या कंपन्या कोर्टात का भांडतात? आणि गावातल्या फिटरने यात खरोखर काही नवीन केलं, तर त्याला पेटंट मिळेल का?

मिळू शकतं. पण ज्या रीलमुळे त्याचं नाव होईल, तीच रील त्याचं पेटंट घालवू शकते. ते कसं, हे समजायला आधी यंत्र उघडून बघावं लागेल.

आत काय असतं?

शिवणयंत्र आठवा. चाक गोल फिरतं आणि सुई वर-खाली होते. मसाज गनमध्येही हेच घडतं. बॅटरीवरची मोटर फिरते, तिच्या टोकाला मध्यापासून जरा बाजूला एक खुंटी असते, खुंटीला दांडा आणि दांड्याला पिस्टन. ट्रॅक्टरच्या इंजिनात पिस्टन क्रँक फिरवतो, इथे उलट क्रँक पिस्टन हलवतो. तत्त्व म्हणून यात नवं काहीच नाही.

अवघड भाग पुढे सुरू होतो. गोळा किती पुढे-मागे जातो त्याला स्ट्रोक म्हणतात. थेरागनच्या मोठ्या यंत्रात तो १६ मिलिमीटर आहे आणि वेग मिनिटाला २४०० ठोक्यांपर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला ४०. हिशेब केला तर गोळ्याला सेकंदात ८० वेळा पूर्ण थांबून उलट दिशेने निघावं लागतं. हलणारे भाग १०० ग्रॅमचे धरले, तरी टोकाला पोहोचल्यावर बसणारा झटका सुमारे ५ किलो वजनाइतका भरतो. हा झटका पुढे स्नायूला बसतो तसा मागे धरणाऱ्याच्या मनगटालाही बसतो. तोल साधणारं वजन नीट बसवलं नाही, तर पाठ मोकळी व्हायच्या आधी हात बधिर होतो. जिगसॉवाल्या रीलमध्ये नेमकं हेच दिसत नाही.

दुसरी अडचण म्हणजे जोरात दाबल्यावर मोटर अडकते. स्वस्त यंत्रं मांडीवर टेकवून दाबली की गप्प होतात, ती यामुळेच. खोक्यावर ३० स्पीड लिहिलेले असले, तरी स्ट्रोक लहान आणि मोटर कमजोर असेल तर ते यंत्र ठोके मारत नाही, नुसतं थरथरतं. त्यात आवाज, तापणारी बॅटरी आणि स्वतःच्याच पाठीपर्यंत पोहोचेल अशी मूठ हे प्रश्न वेगळे. थेरागनची ओळख असलेली त्रिकोणी मूठ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती वेगवेगळ्या बाजूंनी धरता येते, त्यामुळे मनगट न मुरडता यंत्र खांद्यामागे नेता येतं.

पेटंटची सगळी लढाई असल्या बारीकसारीक उत्तरांवर चालते. ठोके मारून अंग मोकळं करायची कल्पना कुणाच्याच मालकीची नाही, कारण ती फार जुनी आहे. लंडनचे डॉक्टर जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल यांनी १८८० च्या दशकात बॅटरीवर चालणारं ठोके देणारं यंत्र बनवलं होतं. त्याआधीच स्वीडनच्या गुस्ताव झांडर यांनी व्यायामाची आणि मालिशची यंत्रं बनवून त्यांचे दवाखाने उघडले होते. आपल्याकडे जुन्या सलूनमध्ये न्हावीदादा हाताच्या पाठीवर स्प्रिंगने बांधायचे ते व्हायब्रेटर अनेकांनी डोक्यावर अनुभवले असतील. हेअर क्लिपरमुळे प्रसिद्ध झालेल्या लिओ वॉल यांची सुरुवातही मसाज यंत्रापासूनच झाली होती. आणि मालिशचंच बोलायचं तर इंग्रजीतला शाम्पू हा शब्द आपल्या चंपीच्या कुळातला. पाटण्याहून गेलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रायटनला मालिशचं स्नानगृह थाटलं आणि गोऱ्यांना चंपीची सवय लावली.

अमेरिकेत भांडण कशावरून?

लॉस एंजेलिसचे कायरोप्रॅक्टर जेसन वर्सलँड यांचा २००७ मध्ये मोटारसायकल अपघात झाला. दुखणं कमी व्हावं म्हणून त्यांनी हत्यारांच्या पेटीतल्या साधनांतून स्वतःसाठी एक यंत्र जोडलं. त्यातून थेरागन उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिचं पहिलं यंत्र बाजारात आलं. पुढे कंपनीचं नाव थेराबॉडी झालं. २०१८ मध्ये हायपराइस या कंपनीने हायपरव्होल्ट आणली. खेळाडूंच्या हातात ही दोन यंत्रं दिसू लागली आणि बघता बघता शेकडो कंपन्या तसाच माल बनवू लागल्या.

२ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ११८५७४८२ या क्रमांकाचं पेटंट दिलं. ते हायपराइसच्या हातात होतं. त्याच महिन्यात कंपनीने थेराबॉडीला कोर्टात खेचलं.

पेटंटचं नाव स्ट्रोकची लांबी बदलता येणाऱ्या मसाज यंत्राबद्दल आहे. पण नावावर जाऊ नये. पेटंटमध्ये कायद्याचं वजन असतं ते शेवटी क्रमांकाने लिहिलेल्या दाव्यांना. या पेटंटच्या पहिल्या दाव्यात मोटर आहे, पिस्टन आहे, ठरावीक स्ट्रोक आहे, म्हणजे सगळी जुनीच मंडळी. पण पिस्टनच्या टोकाला एक भोक आहे आणि यंत्र चालू असतानाच मसाजचा गोळा त्या भोकात सरकवून बसवता यावा, अशी जोडणी मागितली आहे. गोळा बदलण्यासाठी यंत्र बंद करावं लागू नये, एवढीच ती गोष्ट. ऐकायला किरकोळ वाटते. पण दुकानातल्या जवळपास प्रत्येक मसाज गनचे गोळे दाबून बसतात आणि ओढून निघतात, हे लक्षात घेतलं की तिची किंमत कळते.

यातली तारीखही बघण्यासारखी आहे. पेटंट २०२४ मध्ये मिळालं, पण त्याची मुळं १ जुलै २०१३ च्या अर्जात आहेत. म्हणजे थेरागनचं पहिलं यंत्र विक्रीला येण्याच्या तीन वर्षं आधीची. अमेरिकेत एकाच मूळ अर्जाला पुढे नवे अर्ज जोडत राहता येतात. नव्या अर्जात यंत्राची नवी माहिती घालता येत नाही, पण मूळ वर्णनात जे आहे त्यावर वेगळ्या शब्दांत दावे लिहिता येतात. तोवर बाजार कुठे गेला हे दिसत असतंच. ही पद्धत कायदेशीर आहे. ती न्याय्य आहे का यावर अमेरिकेतच वर्षानुवर्षं वाद आहे, आणि टीका करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. दहा वर्षांत बाजार दुसऱ्यांनी वाढवायचा आणि दावा मागाहून लिहायचा, यात संशोधनापेक्षा वकिली जास्त आहे.

भारतात ही पळवाट बरीच अरुंद आहे. एका अर्जात दोन शोध असतील तर ते वेगळे काढून विभागलेला अर्ज करता येतो. पण आधी मागितलेल्या दाव्यांपेक्षा रुंद दावे मागाहून घुसवणं कायद्याच्या कलम ५९ मुळे कठीण आहे. म्हणून इथे पहिल्याच अर्जात नीट लिहिणं जास्त महत्त्वाचं.

अमेरिकेचं पेटंट जवळा बाजारात चालतं का?

नाही. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. एखाद्या शोधावर फक्त अमेरिकेत पेटंट असेल आणि भारतात नसेल, तर ती वस्तू हिंगोली जिल्ह्यात बनवायला आणि भारतभर विकायला त्या पेटंटची आडकाठी नाही. अमेरिकेत निर्यात केली तर मात्र गाठ पडेल. त्यामुळे कुठल्याही यंत्राची नक्कल करण्याआधी त्यावर भारतातही पेटंट आहे का, हे तपासायचं. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या इनपास या शोध-सुविधेत ते फुकट तपासता येतं.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतलं पेटंट इथे बंधनकारक नसलं, तरी ते जगभर प्रसिद्ध झालेलं असतं. त्यामुळे तीच गोष्ट आपली म्हणून भारतात पेटंट मागता येत नाही. कायद्याला शोध नवा हवा असतो तो जगात नवा. फक्त आपल्या तालुक्यात नवा असून चालत नाही.

हिंगोली जिल्ह्याला हा नियम दुसऱ्या एका गोष्टीमुळे जवळचा वाटायला हवा. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेने संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध मिळून ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या कार्यालयाने ते दावे फेटाळले. हळद आजी लावायची, एवढं सांगून ते झालं नसतं. ती लावली जात होती हे कागदावर दाखवावं लागलं.

भारताच्या कायद्यात आज पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येत नाही, असं कलम ३ मध्ये स्पष्ट आहे. त्याच कलमात माणसावर उपचार करण्याची पद्धतही वगळली आहे. म्हणजे कंबरेच्या अमुक नसेवर अमुक मिनिटं ठोके द्या, या पद्धतीवर भारतात कुणी हक्क सांगू शकत नाही. ते ठोके देणारं यंत्र मात्र पेटंटयोग्य ठरू शकतं.

मग फिटरचं जुगाड पेटंटमध्ये बसतं का?

जिगसॉला चेंडू लावला, एवढ्यावर नाही. इथे मिर्झापूरचा एक जुना खटला उपयोगी पडतो. पितळी भांडी बनवणाऱ्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने लेथवर भांडी पकडून ठेवण्याच्या साधनावर पेटंट घेतलं होतं. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला. न्यायालयाचा रोख असा होता की कामात मुरलेला कारागीर रोजच्या अनुभवातून जी सुधारणा सहज करेल, ती शोध ठरत नाही. त्यापलीकडचं काही हवं. आजही पेटंट तपासणारे अधिकारी या निकालाचा आधार घेतात. शिवाय, माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या आणि प्रत्येक आपलं जुनंच काम करत राहिली, तर तोही शोध मानला जात नाही.

पण समजा, एखाद्याने मनगटाला बसणारा झटका निम्मा करणारी वेगळी जोडणी शोधली. किंवा पाठीवर एकट्याला वापरता यावं म्हणून लांब दांड्यावर यंत्र बसवलं आणि दांडा थरथरू नये यासाठी आधी कुणी न वापरलेला उपाय काढला. तिथे विषय सुरू होतो. अडचण काय होती, इतरांचे उपाय का पुरे पडत नव्हते आणि आपल्या जोडणीने नेमका काय फरक पडला, हे मोजून दाखवता आलं पाहिजे.

यंत्राचं नुसतं रूप नवं असेल, तर पेटंटऐवजी डिझाइन नोंदणीचा रस्ता आहे. ती १० वर्षांची असते आणि पुढे ५ वर्षं वाढते. मात्र जो आकार केवळ कामासाठीच तसा असावा लागतो, त्याला डिझाइनचं संरक्षण मिळत नाही.

रील आधी की अर्ज आधी?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. यंत्र जमलं की पहिला हात मोबाइलकडे जातो. इन्स्टाग्रामवर रील, यूट्यूबवर पूर्ण व्हिडिओ, गावच्या ग्रुपवर फोटो. कायद्याच्या दृष्टीने व्हिडिओत जोडणी समजण्याइतकी दिसली, तर तो शोध प्रसिद्ध झाला. त्यानंतर स्वतः शोध लावणाऱ्यानेच अर्ज केला तरी तो नवा राहत नाही. स्वतःचाच व्हिडिओ स्वतःच्या विरोधात पुरावा होतो. दुकानातून दोन-चार नग विकले तरी तीच अडचण.

अमेरिकेत शोधकाला स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाची सवलत मिळते. इंग्रजी व्हिडिओ बघून सल्ला घेणारे अनेक जण ती सवलत इथेही आहे असं धरून चालतात. भारतात १२ महिन्यांची सवलत मोजक्या प्रसंगांपुरती आहे, जसं केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्संस्थेसमोर वाचलेला निबंध. तालुक्याचं कृषी प्रदर्शन आपोआप त्यात येत नाही. स्टॉलवर यंत्र मांडलं, मान्यवरांनी फीत कापली, वर्तमानपत्रात सचित्र बातमी आली आणि शोध गेला, असं होऊ शकतं.

दुसऱ्या कुणी परवानगी न घेता माहिती उचलून प्रसिद्ध केली, तर कायद्यात थोडं संरक्षण आहे. पण त्यासाठी कळताच लवकरात लवकर अर्ज करावा लागतो आणि संमती नव्हती हे सिद्ध करावं लागतं. कुणाला यंत्र दाखवायचंच असेल, तर आधी गुप्ततेचा साधा लेखी करार करून घेणं बरं.

खर्च किती?

अर्ज महाग असतो ही समजूत अर्धीच खरी आहे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात आणि ते ऑनलाइन भरता येतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी अर्जाची सरकारी फी १६०० रुपये आहे. मोठ्या कंपनीला ८००० पडतात. यंत्र अजून पूर्ण झालेलं नसेल तर तात्पुरतं वर्णन देऊन तारीख पकडता येते आणि पूर्ण वर्णन १२ महिन्यांत द्यायचं असतं. ही तारीख पकडली की रील टाकायला हरकत नाही, फक्त रीलमध्ये जे दिसतं ते सगळं त्या वर्णनात आलेलं असायला हवं.

पुढे अर्ज तपासावा म्हणून वेगळी विनंती करावी लागते. तिची फी व्यक्तीसाठी ४००० रुपये. २०२४ च्या नियमबदलानंतर नव्या अर्जांसाठी ही मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आली आहे. विनंती विसरली तर अर्ज मागे घेतला असं समजलं जातं. पेटंट मिळालं की ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाची फी भरावी लागते. ती ८०० रुपयांपासून सुरू होते आणि शेवटच्या पाच वर्षांत वर्षाला ८००० होते. वीसही वर्षं टिकवायचं म्हटलं तर व्यक्तीला नूतनीकरणाचे एकूण ७२,८०० रुपये लागतात. यंत्र चालत नसेल तर मध्येच सोडून देता येतं आणि बरेच जण तसंच करतात.

खरा खर्च वेगळा आहे. दावे नीट लिहिणारा पेटंट एजंट सरकारी फीपेक्षा बरंच जास्त घेतो आणि घाईत लिहिलेल्या दाव्याला शेजारचा कारखानदार एक नट बदलून चकवू शकतो. तळागाळातल्या शोधकांसाठी गांधीनगरची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था पेटंट अर्जात मदत करते. मान्यताप्राप्त स्टार्टअप असेल तर एजंटची फी सरकारने देण्याची योजनाही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र या दोन्हींची माहिती फार कमी लोकांपर्यंत पोहोचते, आणि दोष शोधकाचा नाही.

पेटंट मिळाल्यावरही कुणी नक्कल केली तर सरकार आपणहून धावत येत नाही. नोटीस पाठवायची, कोर्टात जायचं, हे ज्याचं त्याने करायचं. थेराबॉडी आणि हायपराइस लढू शकतात, कारण त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. लहान वर्कशॉपला पेटंटचा उपयोग बहुधा वेगळा असतो. मोठ्या उत्पादकाशी बोलताना, परवाना देताना किंवा कर्ज मागताना हातात कागद असतो.

आणि खोक्यावर पेटंटेड लिहिलेलं असेल तर?

ग्राहकासाठी हे सोपं आहे. पेटंट म्हणजे यंत्र चांगलं किंवा सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र नाही. पेटंट कार्यालय ते यंत्र कुणाच्या पाठीवर चालवून बघत नाही. उलट, नावाजलेल्या यंत्रानेही इजा होऊ शकते. मसाज गन वापरल्यावर स्नायूंच्या पेशी फुटून रुग्णालयात जावं लागलेल्या एका तरुण सायकलपटूची नोंद २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मानेच्या पुढच्या बाजूला, हाडावर आणि सुजलेल्या जागी हे यंत्र लावू नये.

पेटंट पेंडिंग याचा अर्थ फक्त अर्ज केलाय, एवढाच. पेटंट मिळालं असं खोटं लिहिणं भारतात गुन्ह्याऐवजी आता दंडाच्या कक्षेत आहे. जनविश्वास कायद्याने केलेल्या बदलानंतर तो १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. खोक्यावर क्रमांक असेल तर तो इनपासमध्ये टाकून बघा. पेटंट कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की फी न भरल्याने संपलंय, आणि मुळात ते मसाज गनचं आहे की भलत्याच कशाचं, हे दोन मिनिटांत कळतं.